जेत्याची लेखणी आणि पराजिताचा चेहरा

लासलगावचे नाव आज सर्वांस ठाऊक आहे ते तेथील कांद्याच्या बाजारपेठेमुळे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास या गावाकडे पाहताना त्याच्या दोहो बाजूंच्या दोन स्थळांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. पश्चिमेस पिंपळगाव बसवंताकडे आहेरगाव हे लहानसे खेडे आहे. पेशवाई बुडाल्यानंतर दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१८ साली येथेच लपून राहिला असता कॅप्टन स्वान्स्टन याच्या हाती सापडला. पूर्वेस विंचूरवरून पुढे गेले म्हणजे येवला लागतो. सत्तावनच्या युद्धातील सेनानी रामचंद्र पांडुरंग, म्हणजेच तात्या टोपे, यांचे ते जन्मगाव. एकाचा धनी बाजीराव. दुसऱ्याचा धनी त्याच बाजीरावाचा दत्तक पुत्र नानासाहेब. या दोन धन्यांचा रणांगणावर पराभव झाला ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. परंतु रणांगणावरील पराभवानंतर त्यांचा आणखी एक पराभव झाला, आणि तो कागदावर झाला. जेत्याने त्यांची जी चित्रे काढली, एकाचे शब्दांत व दुसऱ्याचे रेषांत, तीच चित्रे पुढे शंभर वर्षे इतिहास म्हणून चालली. त्या चित्रांची ही कथा आहे.

पराभूत शत्रूचे व्यंगचित्र काढून त्याला लोकांच्या नजरेतून उतरविण्याची कला युरोपात याच काळात भरास आली होती. लंडन शहरी सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री नावाच्या बाईचे छापील चित्रांचे दुकान होते, आणि जेम्स गिलरे या चित्रकाराची चित्रे त्या दुकानाच्या खिडकीत लागत. १८०५ साली त्याने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात इंग्लंडचा प्रधान पिट आणि फ्रान्सचा नेपोलियन एका मेजाशी बसून पृथ्वीचा गोल पक्वान्नासारखा कापून घेत आहेत. गिलरेने नेपोलियनला एक ठेंगणा, चिडखोर, स्वतःपेक्षा मोठी टोपी घातलेला पोरगा करून टाकले. वस्तुतः नेपोलियनची उंची त्या काळच्या सामान्य फ्रेंच माणसापेक्षा कमी नव्हती. तथापि गिलरेच्या सुईने ताम्रपटावर कोरलेला ठेंगू नेपोलियन खऱ्या नेपोलियनपेक्षा चिरंजीव ठरला. वॉटर्लूची लढाई १८१५ साली संपली. ती ठेंगणी मूर्ती मात्र अद्याप लोकांच्या बोलण्यात जिवंत आहे.

या कलेची रीत पाहिली तर ती तीन पायऱ्यांची दिसते. प्रथम शत्रूच्या अंगचे एखादे खरे वैगुण्य हेरावयाचे व ते इतके वाढवावयाचे की, बाकीचा माणूस त्यामागे झाकून जावा. दुसरे म्हणजे एका राज्याशी, एका लोकसमूहाशी असलेले भांडण एका व्यक्तीशी असलेले भांडण म्हणून दाखवावयाचे. तिसरी पायरी अशी की, पाहणाऱ्यास हसवावयाचे किंवा संतापवावयाचे. कारण हसणारा मनुष्य प्रश्न विचारीत नाही, आणि संतापलेला तर मुळीच विचारीत नाही. निव्वळ खोटे फार काळ टिकत नाही. अर्धसत्याचे तसे नसते. त्याच्या पोटात सत्याचा अंश असल्यामुळे, ते खोडून काढणारा मनुष्यच लबाड दिसू लागतो.

१८१८ साली दख्खनेत चित्रांची दुकाने नव्हती. परंतु जे काम लंडनात गिलरेच्या सुईने केले, ते येथे मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या लेखणीने केले. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. पुढे पुणे सोडून तो सातारा, पंढरपूर, जुन्नर अशा वाटांनी फिरत राहिला व इंग्रजी फौजा त्याच्या पाठीवर राहिल्या. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने आपला सुप्रसिद्ध जाहीरनामा काढला. तो गावोगावी पोहोचावा अशी व्यवस्था झाली. या जाहीरनाम्यात बाजीरावाचे जे चित्र आहे ते असे: ज्या इंग्रजांनी त्याला गादीवर परत बसविले, त्यांच्याशी कृतघ्न झालेला, त्र्यंबकजीसारख्या माणसाच्या आहारी गेलेला, पंढरपुरास १८१५ साली गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला असता खुन्यास पाठीशी घालणारा, आणि साताऱ्याच्या छत्रपतीस कैदेत ठेवणारा. अशा माणसाचे राज्य नष्ट करणे हे पाप नसून उपकारच होय, असा त्याचा इत्यर्थ होता. त्यालाच जोडून, वतने, इनामे, वर्षासने व देवस्थाने चालू राहतील, कोणाच्या धर्मास हात लागणार नाही, आणि जे बाजीरावाची चाकरी दोन महिन्यांच्या आत सोडून घरी येतील त्यांस त्रास होणार नाही, अशी आश्वासने होती.

या चित्रातील एकेक रेघ तपासली तर ती अगदीच काल्पनिक नाही हे मान्य करावे लागते. गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला होता. बाजीराव धैर्यवान पुरुष नव्हता, आणि त्याच्या कारकीर्दीत मामलती मक्त्याने देण्याच्या पद्धतीमुळे रयत गांजली होती. परंतु चित्राच्या चौकटीबाहेर जे ठेवले गेले ते पाहिले पाहिजे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस झालेल्या तहाने पेशव्याचे स्वातंत्र्य इंग्रजी पलटणींच्या खर्चाखाली गहाण पडले होते. जून १८१७ मध्ये पुण्याभोवती फौज उभी करून त्याच्याकडून दुसरा तह लिहून घेतला गेला, आणि मराठमंडळाचे मुख्यत्व सोडावयास त्याला भाग पाडले गेले. ज्याचे हात असे बांधले गेले, त्याने सोडवणुकीसाठी केलेली धडपड म्हणजे कृतघ्नपणा, असे चित्रकाराने ठरविले. राज्य घ्यावयाचे होते म्हणून राजा वाईट ठरवावा लागला; राजा वाईट होता म्हणून राज्य घेतले, असे मात्र सांगितले गेले.

याचा सर्वांत मोठा पुरावा पुढच्या घटनांनीच दिला. बाजीरावाच्या बंदीतून सोडविलेले छत्रपती प्रतापसिंह महाराज हे जाहीरनाम्यातील चित्राची दुसरी, उजळ बाजू होती. जाहीरनाम्याला पुरती बावीस वर्षेही झाली नाहीत तोच, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने महाराजांवर राजद्रोहाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून दूर केले व काशीस धाडले. १८४७ साली ते तेथेच वारले, आणि १८४८ साली सातारा संस्थान खालसा झाले. म्हणजे छत्रपतीवरील अन्यायाचे जे दुःख जाहीरनाम्याने व्यक्त केले होते, ते गरजेपुरतेच होते.

शिवाय खुद्द एल्फिन्स्टनलाही आपले चित्र अपुरे आहे हे ठाऊक होते. तो उदार बुद्धीचा व अभ्यासू पुरुष होता. १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी त्याने जो अहवाल वरिष्ठांस पाठविला, त्यात त्याने मराठी राज्यपद्धतीचे दोष सांगून झाल्यावर असे कबूल केले आहे की, हे सर्व असूनही देश भरभराटीत होता, आणि कंपनीच्या अधिक व्यवस्थित राज्यात जी दुःखे आढळतात त्यांपैकी कित्येक येथल्या लोकांस माहीत नव्हती. फेब्रुवारी १८१८ मधील जाहीरनामा रयतेसाठी होता. १८१९ चा अहवाल सरकारसाठी होता. एकाच हाताने काढलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे, प्रचार कोणता व निरीक्षण कोणते हे निराळे सांगावे लागत नाही.

त्र्यंबकजी डेंगळ्यांचे चित्र तर याहून काळे रंगविले गेले. साध्या जासुदाच्या नोकरीतून वर चढलेला हा मनुष्य इंग्रजी लेखकांच्या हाती निव्वळ खलपुरुष झाला. परंतु येथे एक मौज घडली. १८१६ च्या सप्टेंबरात तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला, तेव्हा त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा होता. त्यांना मराठी येत नव्हते. एक मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याची मालिश करीत गाणी गात असे, आणि त्या गाण्यांतूनच पळून जाण्याचा बेत कैद्याच्या कानी घालीत असे. पुढे १८२५ साली बिशप हेबर पश्चिम हिंदुस्थानात आला तेव्हा ही हकीकत लोकांच्या तोंडी खेळत असलेली त्याला आढळली, व त्याने ती आपल्या प्रवासवर्णनात नमूद केली. सरकारी कागदांत त्र्यंबकजी खुनी होता. गाणे गाणाऱ्या माणसांच्या मनात तो साहेबाच्या हातावर तुरी देणारा पठ्ठ्या होता. जाहीरनाम्याला उत्तर देण्यासाठी लोकांपाशी छापखाना नव्हता. होते ते गाणे. पण गाणे वाऱ्यावर विरते, आणि छापलेला कागद दप्तरात राहतो. आहेरगावास पकडला गेल्यावर त्र्यंबकजी चुनारच्या किल्ल्यात बंदीत राहिला. १८२४ साली त्याच हेबरने त्याला तेथे पाहिले होते, आणि १८२९ साली तेथेच त्याचा अंत झाला.

बाजीराव ३ जून १८१८ रोजी सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि सालीना आठ लक्ष रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहिला. नेपोलियन सेंट हेलेनास सुमारे साडेपाच वर्षे जगला. बाजीराव बिठूरास सुमारे बत्तीस वर्षे जगून जानेवारी १८५१ मध्ये वारला. तनखा बंद झाला. दत्तक पुत्र धोंडोपंत नानासाहेब यांनी अर्ज केले, आपला वकील अजीमुल्लाखान विलायतेस पाठविला. उपयोग झाला नाही. जून १८५७ मध्ये कानपुरास उठाव होऊन नानासाहेबांची पेशवे म्हणून द्वाही फिरली, आणि अवघ्या दीड महिन्यात, १७ जुलै रोजी, हॅवलॉकने ते शहर परत घेतले.

या दीड महिन्यात कानपुरास जे घडले ते झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. २७ जून रोजी सतीचौरा घाटावर, शरण येऊन नावांत बसलेल्या इंग्रजांवर गोळीबार झाला. १५ जुलै रोजी बीबीघरात कैदेत असलेल्या स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली. हे कृत्य घोर होते, आणि कोणत्याही युक्तिवादाने ते धुऊन निघत नाही. परंतु या खऱ्या अपराधावर विलायतेत ज्या चित्रांची इमारत उभी राहिली, तिचे मजले पाहता पाहता सत्याला सोडून वर गेले.

१८१८ आणि १८५७ यांच्यामध्ये एक मोठा फरक पडला होता. आता लंडनात लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून बातमीबरोबर ते हजारो प्रतींनी छापणारी साप्ताहिके निघाली होती. २२ ऑगस्ट १८५७ च्या 'पंच' पत्रात जॉन टेनिएल याने दोन पाने व्यापणारे एक चित्र काढले. त्यात एका गोऱ्या स्त्रीच्या व बालकाच्या देहावर उभ्या असलेल्या बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेत आहे. पुढे 'अॅलिस'च्या गोष्टींतील चित्रांनी मुलांना रिझविणारा चित्रकार तो हाच. सप्टेंबरात त्याचेच 'न्याय' नावाचे दुसरे चित्र निघाले. त्यात न्यायदेवता हाती तलवार घेऊन शिपायांस तुडवीत चालली आहे, आणि पाठीमागे तोफा आहेत. ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल कॅनिंग हा शिपायाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला पाठीशी घालतो आहे, असे चित्र काढून दयाबुद्धीचीही टवाळी करण्यात आली.

सिंह आणि वाघ यांची ही जोडी काही नवीन नव्हती. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर कंपनीने जे पदक पाडले, त्यावर वाघाला लोळविणारा सिंह आहे. वाघ हे टिपू सुलतानाचे चिन्ह होते, आणि त्याच्या वाड्यात सापडलेला, गोऱ्या माणसाच्या छातीवर बसलेला यांत्रिक लाकडी वाघ लंडनात कंपनीच्या कचेरीत लोकांस दाखविण्यासाठी ठेवला होता. टेनिएलने अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा तोच साचा बाहेर काढला. ज्या चिन्हाचा टिपूने अभिमान बाळगला, तेच चिन्ह एका सबंध देशाच्या तोंडावर मुखवटा म्हणून बसविले गेले. वाघाला तक्रार नसते, वाघाशी तह झालेला नसतो, वाघाचा तनखा कोणी बंद केलेला नसतो. तो मारावयाचाच असतो.

वाघाच्या मागे मात्र एका माणसाचा चेहरा हवा होता, आणि तो माणूस म्हणजे नानासाहेब. पण नानासाहेबांचा चेहरा लंडनात कोणापाशी होता? 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने नानासाहेबांचे म्हणून एक चित्र छापले. ते चित्र खरोखरी लष्कराला दाणागोटा पुरविणाऱ्या एका ठेकेदाराचे होते, अशी हकीकत फोर्ब्स-मिचेल या स्कॉटिश सैनिकाने १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत दिली आहे. हा ठेकेदार पूर्वी सरकारशी झालेल्या एका खटल्यात जॉन लँग या वकिलाचा पक्षकार होता, आणि त्याचे चित्र लँगपाशी होते. नानासाहेबांच्या चित्राची मागणी आली तेव्हा तेच पुढे झाले. म्हणजे ज्या चेहऱ्याकडे पाहून विलायतेतील घराघरांत सूडाची भाषा बोलली गेली, तो चेहरा ज्याचा द्वेष करावयाचा त्याचा नव्हताच. व्यंगचित्रात निदान मूळ मनुष्याचे नाक-डोळे तरी असतात. येथे तेही उसने होते.

अशा चित्रांचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. कानपुरास जनरल नील याने पकडलेल्या लोकांस बीबीघरातील वाळलेले रक्त साफ करावयास लावून मग फाशी दिले. त्यांतील कोण अपराधी व कोण निरपराधी याची चौकशी फारशी झाली नाही. इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेच्या ज्या भयंकर कथा विलायतेत पसरल्या होत्या, त्यांचा शोध आग्र्याचा अधिकारी विल्यम म्यूर याने त्याच वर्षाच्या अखेरीस केला, आणि त्यांना आधार सापडत नाही असे लिहून ठेवले. परंतु तोवर गावेच्या गावे जळून गेली होती. चौकशीचा कागद चित्राच्या मागून पायी चालत येतो. चित्र घोड्यावरून पुढे गेलेले असते. नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास एक लक्ष रुपयांचे इनाम लागले. ते नेपाळच्या तराईत नाहीसे झाले, तरी त्यांचा शोध थांबला नाही. १८७४ साली शिंदे सरकारने ग्वाल्हेरीस एका मनुष्यास नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली केले. त्याला कानपुरास नेऊन नानासाहेबांस पूर्वी पाहिलेल्या लोकांपुढे उभे केले, आणि तो नानासाहेब नव्हे असे ठरले. सतरा वर्षे लोटली तरी ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते, त्याचा चेहरा मात्र निश्चयाने कोणास सांगता येईना.

याच्या उलट तात्या टोपे यांचे एक चित्र उपलब्ध आहे. एप्रिल १८५९ मध्ये ते शिप्री येथे कैदेत असताना बॉ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ते समोर बसून काढले. १८ एप्रिल रोजी तात्यांना फाशी झाली. त्या चित्रात ना वाघ आहे, ना राक्षस. एक थकलेला, पण न वाकलेला मनुष्य आहे. प्रत्यक्ष समोर बसून, डोळ्यांनी पाहून काढलेले चित्र आणि सहा हजार मैलांवर बसून क्रोधाने काढलेले चित्र यांत किती अंतर पडते, हे त्या एका रेखाटनावरून समजते. आणि असे प्रामाणिक रेखाटन शत्रूचाही हात करू शकतो, हेही समजते.

तथापि या कथेतील सर्वांत खेदाचा भाग विलायतेत घडलेला नाही. तो मराठी घरांत घडला. दुसऱ्या बाजीरावाचे नाव निघाले की, त्यामागे 'पळपुटा' हा शब्द आपोआप येतो. एका शब्दाचे व्यंगचित्र ते! त्यात वसईचा तह नाही, आपसात भांडणारे शिंदे-होळकर नाहीत, रिकामी तिजोरी नाही, अष्टीच्या रणात २० फेब्रुवारी १८१८ रोजी देह ठेवणारे बापू गोखले नाहीत. एक राज्य बुडाले त्याची शंभर कारणे होती. ती सर्व एका माणसाच्या पायांत आणून ठेवली की, इतरांचा हिशेब आपोआप चुकतो. जेत्याला हे चित्र सोयीचे होतेच. पण पराजितांनाही ते सोयीचे वाटले, कारण त्यामुळे आपापल्या पूर्वजांस नामानिराळे राहता आले. म्हणूनच ते इतके टिकले.

हे चित्र पुसण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९५७ साली सुरेंद्रनाथ सेन यांनी व १९६३ साली प्रतुलचंद्र गुप्त यांनी कानपूरच्या घटना मूळ कागदांवरून तपासल्या. मराठीत ना. सं. इनामदार यांनी 'झेप' व 'मंत्रावेगळा' या कादंबऱ्यांतून त्र्यंबकजी आणि बाजीराव यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले. तरी येथे एक सावधगिरी हवी. काळे चित्र पुसून त्या जागी सोनेरी चित्र टांगणे हा न्याय नव्हे. बाजीरावास शूर म्हटल्याने खडकीचा दिवस बदलत नाही, आणि नानासाहेबांस देवपण दिल्याने बीबीघराची विहीर भरून निघत नाही. स्तुतीचे चित्रही व्यंगचित्राचेच भावंड होय. तेही माणसाचे एकच अंग वाढवून बाकीचे झाकून टाकते.

आहेरगाव आणि येवला यांच्यामधल्या मुलखात राहणाऱ्यांना या दोन पुरुषांविषयी बरेच काही ऐकावयास मिळते, आणि मिळत राहील. ऐकताना एवढेच विचारावे की, हे चित्र कोणी काढले, केव्हा काढले आणि त्या वेळी त्याला काय घ्यावयाचे होते. जेत्याने काढलेले चित्र असो की भक्ताने काढलेले, या तीन प्रश्नांपुढे ते उभे केले म्हणजे त्याचा रंग उडू लागतो, आणि त्याखालचा खरा, गुणदोषांनी भरलेला मनुष्य हळूहळू दिसू लागतो.